स्टार आणला की म्युझिकलचं बुकिंग सावरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक थिएटर्समधल्या, एखाद्या म्युझिकलचा (गाण्या-नाचाच्या नाटकाचा) गल्ला घसरायला लागला की थोड्याच दिवसांत बातमी येते: मुख्य भूमिकेत आता अमुक पॉप गायिका, किंवा तमुक मालिकेतला नट. मग चर्चेला तोंड फुटतं आणि तेच तेच प्रश्न पुन्हा निघतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक न्यूयॉर्कची आहेत, कारण तिथे प्रत्येक नाटकाचा गल्ला, भरलेल्या खुर्च्या आणि तिकिटाची सरासरी किंमत हे सगळं 'ब्रॉडवे लीग' ही निर्माते आणि थिएटरमालकांची संघटना दर आठवड्याला जाहीर करते. लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यवस्तीत नाटकवार आकडे असे बाहेर येत नाहीत, त्यामुळे तिथल्या यशापयशाबद्दल बरंचसं अंदाजानेच बोललं जातं.

एका वाक्यात सांगा, नाटक वाचतं की नाही?

गल्ला बहुतेक वेळा वाढतो, नाटक क्वचित वाचतं.

या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. स्टार ज्या आठवड्यांत रंगमंचावर उभा असतो त्या आठवड्यांची तिकिटं तो विकतो. त्याच्या आधीचा तोटा तो भरून काढत नाही आणि त्याच्यानंतरच्या खुर्च्याही भरत नाही. निर्मात्याला त्याच्याकडून मिळतो तो वेळ. त्या वेळात निर्माता काय करतो यावर पुढचं सगळं ठरतं, आणि बातम्यांमध्ये नेमका तोच भाग कधी येत नाही.

स्टारमुळे नाटक खरोखर वर आलं, असं सगळ्यात ठळक उदाहरण कोणतं?

'फनी गर्ल'. १९६४ साली बार्ब्रा स्ट्रायसँडने गाजवलेलं हे म्युझिकल ब्रॉडवेवर नव्याने उभं राहायला २०२२ साल उजाडलं. २४ एप्रिलला ऑगस्ट विल्सन थिएटरमध्ये शुभारंभ झाला, फॅनी ब्राइसच्या मुख्य भूमिकेत बीनी फेल्डस्टीन होती. ती चित्रपटांमुळे ओळखीची होती, म्हणजे नाव तेव्हाही होतंच. पण ही गाणी तिच्या आवाजाला पेलत नाहीत असा समीक्षकांचा सूर लागला, टोनी या ब्रॉडवेच्या सर्वोच्च पुरस्कारांच्या नामांकनात ती आली नाही आणि पहिल्या उत्साहाचं बुकिंग ओसरल्यावर गल्ला उतरत गेला. ३१ जुलैला ती बाहेर पडली. ऑगस्टभर बदली कलाकार ज्युली बेन्कोने भूमिका सांभाळली आणि ६ सप्टेंबरला लीआ मिशेल उभी राहिली. बघता बघता आठवड्याचा गल्ला २० लाख डॉलरच्या पुढे गेला. ३ सप्टेंबर २०२३ रोजी नाटक बंद झालं तेव्हा गुंतवणूकदारांचे पैसे परत मिळालेले होते. ब्रॉडवेवर बहुतेक म्युझिकल्सच्या नशिबी हे येत नाही.

मग प्रत्येक निर्माता हेच का करत नाही?

करू पाहतात. पण 'फनी गर्ल'मध्ये जे जुळून आलं ते मागवून मिळत नाही.

लीआ मिशेल लहानपणापासून ब्रॉडवेवर काम करत आलेली. 'ग्ली' या मालिकेत तिने याच म्युझिकलमधली गाणी गायली होती आणि मालिकेतलं तिचं पात्र पुढे ब्रॉडवेवर फॅनीची भूमिकाही करतं. म्हणजे लाखो प्रेक्षकांनी तिला त्या भूमिकेत मनातल्या मनात कधीच बसवून टाकलं होतं. ते तिकीट काढत होते ते या जोडीचं, या गाण्यांतल्या या आवाजाचं. शिवाय आजारपण नाटकाच्या एका जागी होतं: मुख्य भूमिकेत. गाणी चांगली, बाकी नटसंच चांगला, लोकांना नाव माहीत. जिथे दुखत होतं तिथेच औषध लागलं.

गोष्टच पकड घेत नसेल, गाणी घरी जाईपर्यंत लक्षात राहत नसतील, तर स्टार आणून फक्त जास्त लोकांना ते दाखवलं जातं.

स्टारला द्यावे लागणारे पैसे वजा जाता हातात काय उरतं? हिशोब मांडून दाखवता का?

दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण मोठ्या म्युझिकलच्या व्यवहाराशी त्यांचा मेळ आहे.

थिएटर १,००० खुर्च्यांचं, आठवड्याला ८ प्रयोग, म्हणजे ८,००० तिकिटं. नाटक ढेपाळलंय, ६० टक्के खुर्च्या भरतात आणि सवलती देऊन तिकीट सरासरी १२५ डॉलरला जातं. गल्ला ६ लाख डॉलर. कलाकार, वादक, तंत्रज्ञ, थिएटरचं भाडं, जाहिरात असा आठवड्याचा चालता खर्च ८ लाख. दर आठवड्याला २ लाखांचा खड्डा.

आता स्टार आला. ९५ टक्के खुर्च्या भरल्या आणि सवलती बंद झाल्यामुळे सरासरी तिकीट १६० डॉलरवर गेलं. गल्ला साधारण १२ लाख १६ हजार. नाव मोठं असेल तर मानधनाची किमान रक्कम ठरलेली असते आणि तिच्या जोडीला गल्ल्यातला टक्का असतो. १० टक्के धरले तर १ लाख २० हजार गेले. गल्ला वाढला की थिएटरमालकाचा आणि लेखक-संगीतकारांचा टक्काही वाढतो, त्याचे १ लाख धरा. नवे कपडे, स्वतंत्र तालमी, नव्या चेहऱ्याची नवी जाहिरात यांचे आठवड्याला ५० हजार. मूळचा ८ लाखांचा खर्च आहेच. हातात उरले सुमारे दीड लाख.

दहा आठवड्यांचा करार असेल तर पंधरा लाख शिल्लक पडले. स्टार गेला. आता लोकांना वाटतं की बघण्यासारखं होतं ते होऊन गेलं, म्हणून गल्ला जुन्या ६ लाखांवरही थांबत नाही, ५ लाखांवर येतो. दर आठवड्याला ३ लाखांचा तोटा. पाच आठवड्यांत सगळी शिल्लक साफ.

आणि नाटक उभं करताना घातलेले दीड-दोन कोटी डॉलर? त्यांना या हिशोबात हातसुद्धा लागलेला नाही. निर्मात्यांना हे सगळं पाठ असतं, तरीही ते स्टार आणतात. दहा आठवडे दर आठवड्याला २ लाख गमावण्यापेक्षा दीड लाख कमावणं केव्हाही बरं, आणि त्या दहा आठवड्यांत टोनीचा मोसम किंवा उन्हाळ्याचे पर्यटक आले तर नशीब उघडूही शकतं.

स्टार येऊनही नाटक बुडाल्याचं उदाहरण?

'द लास्ट शिप', आणि तिथे स्टार म्हणजे खुद्द संगीतकार. प्रसिद्ध रॉक गायक स्टिंगने इंग्लंडच्या ईशान्येकडच्या आपल्या गावच्या जहाजगोदीवर हे म्युझिकल रचलं. ऑक्टोबर २०१४मध्ये नील सायमन थिएटरमध्ये ते सुरू झालं. संगीताची तारीफ झाली, पण बंद पडत चाललेली गोदी आणि तिथले कामगार हा विषय सुट्टीवर आलेल्या पर्यटकाला सहज ओढणारा नव्हता, आणि त्याची गाजलेली जुनी गाणीही त्यात फारशी नव्हती. गल्ला काही केल्या खर्चाला गाठेना. मग डिसेंबरमध्ये स्टिंग स्वतः जिमी नेल या नटाच्या जागी उतरला.

लोक आले. आगाऊ बुकिंगचा तक्ता पाहिला तर मात्र गर्दी त्याच्या तारखांपुरतीच होती, पुढच्या तारखा मोकळ्या. त्याने मुक्काम थोडा वाढवला, पण २४ जानेवारी २०१५ रोजी त्याच्या शेवटच्या प्रयोगाबरोबर नाटकही थांबलं. सुमारे दीड कोटी डॉलरची गुंतवणूक बुडाली.

मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे कोणी उपरा चेहरा चिकटवलेला नव्हता. ज्याने गाणी लिहिली, ज्याचं ते गाव, तोच गात होता. याहून प्रामाणिक स्टार कुठून आणणार? तरीही त्याच्यानंतरची तिकिटं विकली गेली नाहीत.

मग 'शिकागो' इतकी वर्षं स्टार बदलत कसं चाललंय?

कारण तिथे स्टार बदलणं हीच चालवण्याची पद्धत आहे, संकटातला उपाय नाही.

'शिकागो'चं सध्याचं रूप १४ नोव्हेंबर १९९६ला ब्रॉडवेवर आलं आणि अजून चालू आहे. प्रयोगांची संख्या ११ हजारांच्या वर गेली आहे, ब्रॉडवेच्या इतिहासात 'द फँटम ऑफ द ऑपेरा'नंतर दुसरा क्रमांक. मेलनी ग्रिफिथ, ब्रुक शील्ड्स, अशर, पामेला अँडरसन, जिंक्स मॉन्सून अशी चित्रपट, पॉप आणि टीव्हीवरची कितीतरी नावं येऊन गेली. हे जमतं त्याला कारणं आहेत, आणि ती बाकीच्यांना उचलता येत नाहीत.

पहिलं म्हणजे खर्च. सरकते महाल नाहीत, कोसळणारी झुंबरं नाहीत. वादकवृंद रंगमंचावरच बसलेला, नर्तक काळ्या कपड्यांत. त्यामुळे इतर नाटकं ज्या गल्ल्यावर बंद पडतात त्या गल्ल्यावर हे आरामात तग धरतं. स्टार नसलेले आठवडेही निभावतात, आणि खरी ताकद तीच.

दुसरं, भूमिका. बिली फ्लिन या वकिलाच्या भूमिकेला रुबाब लागतो, गाणीही लागतात, पण नृत्याचं ओझं आजूबाजूचे नर्तक उचलतात. रॉक्सी या नायिकेची भूमिका अवघड आहे, तरी ती स्टेजवर नाव कमावायला आसुसलेल्या, फारसं काही न येणाऱ्या मुलीची आहे. नवखेपणा थोडा दिसला तरी पात्राला शोभून जातो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. हे नाटकच प्रसिद्धीवर आहे, खून करून वर्तमानपत्रांची लाडकी झालेल्या बायकांवर. कालपर्यंत टीव्हीवर गाजणारा चेहरा इथे उभा राहिला की कथेला आणखी धार येते.

आणि नर्तक-गायकांचा संच इतका मुरलेला आहे की नवा माणूस थोड्या तालमीत त्यात उभा करता येतो.

याच निर्मात्यांनी, बॅरी आणि फ्रॅन वाइसलर यांनी, १९९४च्या 'ग्रीस'मध्ये हा प्रकार आधी करून पाहिला होता. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण ओळखीचे चेहरे आलटून पालटून आणत त्यांनी १,५०५ प्रयोग केले.

कोणत्या प्रकारची प्रसिद्धी तिकिटं विकते?

इथे निर्माते सगळ्यात जास्त चुकतात. माणूस प्रसिद्ध आहे यापेक्षा त्याच्यासाठी पदरचे दीडशे-दोनशे डॉलर मोजणारे लोक किती आहेत, हे पाहावं लागतं. समाजमाध्यमांवर मागे असलेले कोट्यवधी लोक त्याला फुकट बघत असतात.

'हाउ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्राइंग' या म्युझिकलचं २०११चं रूप पाहा. 'हॅरी पॉटर' चित्रपटांतला डॅनियल रॅडक्लिफ मुख्य भूमिकेत होता तोवर ते जोरात होतं. जानेवारी २०१२मध्ये फक्त तीन आठवड्यांसाठी 'ग्ली' मालिकेतला डॅरन क्रिस आला. तेव्हा 'ग्ली' ऐन भरात होती आणि त्याच्या चाहत्यांनी थिएटर भरून टाकलं. त्याच्या पाठोपाठ निक जोनस आला. जगभर नाव असलेला गायक, बालपणी ब्रॉडवेवर काम केलेला, म्हणजे कागदावर क्रिसपेक्षाही भारी. गल्ला खाली आला आणि २० मे २०१२ला, त्याचा ठरलेला मुक्काम संपण्याआधीच, नाटक बंद झालं. मुदतीचाही यात हात होता. तीन आठवडे म्हटलं की चाहता आजच तिकीट काढतो. पाच-सहा महिने म्हटलं की "बघू पुढे" म्हणतो.

उलट दिशेचं उदाहरण हवं असेल तर 'मेबी हॅपी एंडिंग'. २०२४च्या शरद ऋतूत ते सुरू झालं तेव्हा डॅरन क्रिसच मुख्य भूमिकेत होता. तरी पहिल्या आठवड्यांचा गल्ला इतका कमी की ते फार दिवस टिकणार नाही असंच बोललं जात होतं. अनोळखी नाव, दोन यंत्रमानवांची हळवी गोष्ट. मग उत्तम परीक्षणं आली, पाहून गेलेल्यांनी दुसऱ्यांना पाठवलं, गल्ला महिनोन्‌महिने चढत गेला आणि जून २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह सहा टोनी मिळाले. एकाच नटाने एका नाटकाचं थिएटर तीन आठवडे भरलं आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला भरू शकला नाही.

माझ्या मते सगळ्यात भरवशाचं नाव म्हणजे त्या नाटकाशी आधीच नातं असलेलं. 'वेट्रेस'ची गाणी गायिका सारा बरेलिसची. २०१७च्या वसंतात ती स्वतः मुख्य भूमिकेत उतरली, गल्ला उसळला आणि पुढेही ती अधूनमधून परतत राहिली. 'रेंट'मध्ये २००७ साली अँथनी रॅप आणि अ‍ॅडम पास्कल हे मूळ संचातले दोघे परत आले तेव्हा अकरा वर्षांच्या त्या नाटकाला पुन्हा रांगा लागल्या.

ज्यांना रंगभूमीचा अनुभव नाही अशांना घेतलं तर?

फजितीही होते आणि चमत्कारही. 'अ‍ॅनी गेट युअर गन'मध्ये २००१ साली रीबा मॅकएंटायर ही कंट्री गायिका आली. ब्रॉडवेवर पहिल्यांदाच. अ‍ॅनी ओकली या नायिकेचा गावरान ठसका तिच्या बोलण्यातच होता आणि अनेक कसलेल्या समीक्षकांना ती बेहद्द आवडली. मावळतीला लागलेलं ते नाटक त्या काही महिन्यांत पुन्हा चर्चेचं ठरलं. जूनमध्ये ती गेली, १ सप्टेंबरला नाटक बंद झालं.

आठवड्याला आठ प्रयोग हा प्रकार मात्र चित्रपट-टीव्हीच्या माणसाला फार जड जातो. तिथे एक गाणं दहा वेळा गाऊन त्यातलं चांगलं निवडतात. इथे दुपारचा प्रयोग संपवून संध्याकाळी पुन्हा त्याच पट्टीत गायचं असतं, सर्दी असली तरी.

स्टारसाठी आधीच्या कलाकाराला बाजूला केलं जातं. ते योग्य आहे का?

नाही. करार संपला असेल, आधी नीट बोलणं झालं असेल, तर गोष्ट वेगळी. चालू करारातल्या माणसाला उठवणं अन्यायाचं आहे, आणि व्यवहार म्हणूनही ते अंगलट येतं.

२०१७ सालचं 'नताशा, पिअर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२' याची साक्ष आहे. टॉलस्टॉयच्या कादंबरीतल्या एका भागावरचं हे म्युझिकल, इम्पीरियल थिएटर आतून पूर्ण बदलून प्रेक्षकांच्या मधोमध खेळलं जायचं. त्या वर्षी सगळ्यात जास्त, १२ टोनी नामांकनं त्याला होती. गायक जॉश ग्रोबन पिअरची मुख्य भूमिका करत होता तोवर गल्ला आठवड्याला १० लाख डॉलरच्या पुढे होता. जुलैच्या सुरुवातीला तो गेला आणि 'हॅमिल्टन' या गाजलेल्या म्युझिकलच्या मूळ संचातला ओकिएरिएटे ओनाओडोवान आला. बुकिंग झपाट्याने खाली गेलं. तेव्हा निर्मात्यांनी जाहीर केलं की ओनाओडोवानचा मुक्काम आटोपता घेऊन ऑगस्टच्या मध्यापासून तीन आठवडे मँडी पटिन्किन पिअर करतील.

एका कृष्णवर्णीय नटाला त्याची मुदत संपण्याआधी उठवून गोऱ्या ज्येष्ठ नटाला बसवलं जातंय, असा त्याचा अर्थ निघाला आणि निषेधाचं मोहोळ उठलं. दुसऱ्या नटाच्या जागेवर पाय देऊन आपण येणार नाही, असं सांगून पटिन्किन दोन-तीन दिवसांत बाजूला झाले. ओनाओडोवानही परतला नाही. ऑगस्टमधलं पुढचं बुकिंग भयंकर कमी होतं, नाटक बंद पडायची वेळ आली होती, असं संगीतकार डेव्ह मॅलॉयने तेव्हा उघड सांगितलं. ३ सप्टेंबरला पडदा पडला.

निर्मात्यांची घबराट मला कळते. नटसंच, वादक, मंचामागची माणसं अशा कितीतरी जणांचा रोजगार टांगणीला होता. पण बुकिंगचा भार ज्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवायचा त्याला पुरेशी जाहिरातही न देता काही आठवड्यांत अपयशी ठरवणं, हे चुकीचंच होतं.

चांगली परीक्षणं हवीत की स्टार?

नवं, अनोळखी नाटक असेल तर परीक्षणं. सगळ्यांना माहीत असलेलं जुनं नाटक असेल तर स्टार.

स्टार गेल्यावर काय करायचं?

याचा विचार तो येण्याआधी करायचा असतो. 'द प्रोड्युसर्स'च्या निर्मात्यांना हे महागात पडलं. २००१ साली नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक या जोडीने तिकिटांसाठी झुंबड उडवून दिली होती. मार्च २००२मध्ये दोघं एकाच दिवशी बाहेर पडले. लेनच्या जागी आलेल्या हेन्री गुडमनला महिन्याभरातच काढलं गेलं. नाटक चाललं, पण ती झुंबड परत आली नाही. शेवटी २००३च्या अखेरीस त्याच जोडीला तीन महिन्यांसाठी बोलवावं लागलं, आणि तेवढ्या काळात थिएटर पुन्हा तुडुंब झालं. पुढे २००७पर्यंत, २,५०२ प्रयोग. यश मोठंच, पण प्रेक्षकांनी नाटक आणि ती दोन नावं एकच मानली होती.

'हॅलो, डॉली!'च्या २०१७च्या संचात मुख्य भूमिकेत गायिका-अभिनेत्री बेट मिडलर होती. तिकीटविक्रीच्या पहिल्या दिवशीच ९० लाख डॉलरची विक्री झाली. तिथे आधीपासून मंगळवारच्या प्रयोगाला तिच्याऐवजी डॉना मर्फी असेल हे जाहीर होतं, आणि मिडलरनंतर आली बर्नाडेट पीटर्स, जिचं स्वतःचं नाव ब्रॉडवेवर मोठं आहे. गल्ला तरीही उतरला, पण ज्यांनी पाहिलं त्यांना आपण उरलंसुरलं बघतोय असं वाटलं नाही. शेवटच्या सहा आठवड्यांना मिडलर परत आली आणि तिच्यासोबतच नाटक संपवलं. मला ही आखणी उत्तम वाटते.

स्टार आजारी पडला तर?

मोठ्या नावांचा विमा उतरवलेला असतो, पण विमा थिएटर भरत नाही. ते काम बदली कलाकारांचं. डिसेंबर २०२१मध्ये 'द म्युझिक मॅन'मधली नायिका सटन फॉस्टर आजारी पडली आणि एरवी समूहात वेगवेगळ्या जागा सांभाळणारी कॅथी व्हॉइटको ऐनवेळी मुख्य भूमिकेत उभी राहिली. प्रयोगानंतर नाटकाचा नायक ह्यू जॅकमनने तिला पुढे घेऊन प्रेक्षकांना सांगितलं की अशी माणसं आहेत म्हणून ब्रॉडवे चालू आहे. पण काही दिवसांत तो स्वतः आजारी पडला तेव्हा प्रयोग रद्द झाले. एवढ्या मोठ्या नावावर तिकिटं विकल्यावर दुसरा काय मार्ग राहतो?

स्टार न आणता ढेपाळलेलं म्युझिकल सावरायचे काही मार्ग?

सगळ्यात आधी खर्च कमी करणं, आणि जमलं तर लहान थिएटरमध्ये जाणं. 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' २०१९पासून न्यूयॉर्कच्या एका छोट्या ऑफ-ब्रॉडवे (ब्रॉडवेबाहेरच्या) थिएटरमध्ये चालतंय. तिथेही ओळखीचे नट येत-जात असतात, पण खुर्च्या तीनशेच्या आत असल्याने प्रत्येकाकडून अचाट गल्ल्याची अपेक्षा नसते. नाव मध्यम असलं तरी पुरतं.

दुसरा मार्ग उलटा वाटेल: बंद करण्याची तारीख जाहीर करणं. 'फँटम'ने सप्टेंबर २०२२मध्ये सांगितलं की फेब्रुवारीत शेवटचा प्रयोग. पस्तीस वर्षं "कधीतरी बघू" म्हणणारे सगळे एकदम आले, आठवड्याचा गल्ला कधी नव्हे इतका वाढला आणि शेवट १६ एप्रिल २०२३पर्यंत पुढे ढकलावा लागला. हे अर्थात फार जुन्या, लाडक्या नाटकालाच साधतं.

आकडे बघून स्टारचा खरा उपयोग झाला का हे कसं ओळखायचं?

नुसता गल्ला बघू नका. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचाच गल्ला वाढतो, म्हणून त्याच आठवड्यात बाकीच्या नाटकांचं काय झालं ते पाहा. खुर्च्या भरल्यात पण सरासरी तिकीट खाली आलंय, तर सवलती वाटून थिएटर भरलेलं आहे. दोन्ही एकदम वाढलं तर मागणी खरी. आणि सगळ्यात बोलका आकडा असतो स्टार गेल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आधीची काढलेली तिकिटं असतात, त्यामुळे तेव्हा चित्र फसवं दिसतं.

मी फक्त स्टारसाठी तिकीट काढतोय. काय सांभाळावं?

वेळापत्रक वाचा. लीआ मिशेल 'फनी गर्ल'मध्ये असतानाही गुरुवारच्या प्रयोगाला ज्युली बेन्को असायची, आणि ते आधीच जाहीर होतं. स्टारच्या मुक्कामाच्या अगदी शेवटच्या दिवसांचं तिकीट टाळा. थकवा आणि आजारपण तेव्हाच गाठतं आणि तारीख बदलून घ्यायला जागा उरत नाही. ब्रॉडवेवर ज्या कलाकाराचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असतं तो अचानक येणार नसेल, तर साधारणपणे पैसे परत किंवा दुसरी तारीख मागता येते. नाव खाली असेल तर तो हक्क नसतो, मग पोस्टरवर फोटो कितीही मोठा असू दे. प्रवेशद्वारापाशी लावलेला त्या दिवसाचा कलाकारबदलाचा फलक आत जाण्याआधी पाहून घ्या आणि पैसे परत हवे असतील तर पडदा उघडण्याआधीच तिकीटखिडकीवर जा.